दोन हिसके

मी जुन्या काळातल्या चोऱ्यांवर कादंबऱ्या लिहितो. आठ झाल्या. नवव्या कादंबरीत चार चोर पेवात, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात, लपवलेले सरदाराचे दागिने काढतात. वाटेकरी कमी व्हावा म्हणून तिघं वर येतात आणि चौथ्याला आत ठेवून झाकण घालतात. त्याचं नाव मी ज्योतीराम ठेवलं. लिहिणाऱ्याचं काय जातं!

त्याची हाक वर ऐकू येईल का, एवढंच बघायला मी चऱ्होलीला गेलो. तिथले शेतकरी मारुतराव यांच्या रानात एक पेव उरलं होतं. जमीन बिल्डरने घेतली होती, दुसऱ्या दिवशी ते मुरमाने बुजणार होतं.

मारुतरावांनी आधी कंदील आत सोडला. तो विझला नाही, तेव्हा त्यांचा मुलगा कुलदीप कमरेला दोर बांधून उतरला. दोराचं दुसरं टोक बाभळीला. एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे वर ओढा.

"आन् वरनं कुनाचं नाव घ्यायचं न्हाई," मारुतराव म्हणाले. "नाव कळलं की पेव मानूस सोडत न्हाई."

मी हे वहीत टिपून घेतलं.

कुलदीपची हाक पुसट ऐकू आली. दोन हिसके बसले, आम्ही त्याला ओढून घेतलं. आत नुसता कोंदट वास आहे म्हणाला. बापलेक हातपाय धुवायला विहिरीवर गेले. खोली मोजायची राहिली होती, म्हणून मी दोर परत आत सोडला.

चांगलं ऊन होतं. शेजारच्या साइटवर मिक्सर फिरत होता. मला गंमत सुचली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. वाकून हाक मारली, "ज्योतीराम..."

दोर हातात ताठ झाला. दोन हिसके. बेताचे, थकलेल्या माणसाचे.

मी घाबरलो, खरं सांगतो. ओढायला हवं होतं. मी दोर सोडला, विहिरीवर जाऊन घाईने रामराम केला आणि निघालो. हिसक्यांचं बोललो नाही. कादंबरीतले ते तिघंही बोलत नाहीत.

परवा मारुतरावांचा फोन आला. पेव बुजलं, वरून रोलर फिरला, दोर मात्र बाभळीलाच राहिलाय, दुसरं टोक मुरमाखाली गाडलेलं. कुलदीप कापायला गेला आणि विळा तिथंच टाकून आला.

"दोनदा वढतंय," ते हळू म्हणाले. "थांबतंय... परत दोनदा."

मी तेव्हाच बसून प्रकरण बदललं. ज्योतीरामला वर काढलं, वाटाही दिला. मग फोन लावून विचारलं, थांबलं का?

"आता तीनदा वढतंय."

तीनचा अर्थ काय, मी विचारलं.

"तीन हिसकं आजवर कुनी दिलंच न्हाईत."