पोपटाच्या चोचीतली सुपारी

ही गोष्ट भिवंडीत घडलेली आहे आणि तिच्यात पदरचं काही घातलेलं नाही. ज्यांच्या घरी घडली, ते दाऊदभाई आजही शुक्रवारी घराबाहेर पडत नाहीत.

साल १९८३. दाऊदभाईंचे कापड विणायचे लूम होते, पण जीव अडकला होता अडकित्त्यांत. आजीचा पितळी अडकित्ता हाती आला आणि नादच लागला. मोराचा, घोड्याचा, नवरानवरीचा... कुठे जुना अडकित्ता आहे असं कळलं की स्वारी निघालीच.

शुक्रवारी लूम बंद. मग चिंच लावून एकेक घासायचा, उजेडात धरून बघायचा. शेजारी सात वर्षांची लेक जैनब बसलेली. बापलेक दोघं खूश.

एकदा पडघ्याच्या ठकुबाईकडे पोपटाचा अडकित्ता मिळाला. चोचीत अख्खी सुपारी. म्हातारीने पैसे घेतले नाहीत.

"फुकट न्या. पन त्याचा तोंड रिकामा ठेवू नका."

दाऊदभाई हसले. हौशी माणसाला जुन्या वस्तूवरचा मळ बघवत नाही. घरी येऊन त्यांनी सुपारी फेकली, पितळ लख्ख केलं, कपाटाला कुलूप घातलं.

पुढचा शुक्रवार. भर दुपार.

लूमची खडखड थांबली की भिवंडीत स्वतःचा श्वास ऐकू येतो.

तेवढ्यात...

कट्.

कपाटातून.

कुलूप तसंच होतं. आत सगळे अडकित्ते जागच्या जागी. फक्त पोपटाची चोच मिटलेली... आणि तिच्यात लाल रिबिनीचा तुकडा.

दाऊदभाई आतल्या खोलीत धावले. जैनब गाढ झोपली होती. तिची एक वेणी मानेपासून कापून उशीवर पडली होती.

त्यांच्या बायकोने, रुकय्याने, लेकीला उराशी धरलं. "अहो, ते आत्ताच्या आत्ता परत देऊन या."

ठकुबाईने दारातच हात आडवा धरला. "न्हाय घेनार. घरान नातू रांगतंय. तुमच्याकडं पोर हाय, मना म्हाईत नव्हता."

"मग खाडीत टाकतो."

"माझ्या सासऱ्यानी टाकला व्हता," ती म्हणाली. तिने दार लावून घेतलं.

तेव्हापासून दर शुक्रवारी दाऊदभाई चोचीत सुपारी ठेवायचे. दुपारी कट्. सुपारीची दोन शकलं. बाकीचे अडकित्ते त्यांनी वाटून टाकले. हौस कधीच मेली होती.

वर्षं गेली. १९९८ साली जैनब बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली.

शुक्रवारी नेहमीसारखी सुपारी ठेवून दाऊदभाई आवाजाची वाट बघत बसले.

दुपार सरली...

आवाज नाही.

त्यांनी कपाट उघडलं. सुपारी बाहेर पडलेली होती. अख्खी. चोच उघडी होती आणि पोपटाचं तोंड पाळण्याच्या खोलीकडे वळलं होतं.

जैनब त्याच संध्याकाळी बाळाला घेऊन सासरी गेली. ती पुन्हा माहेरी आलेली नाही.

सुपारी अजून दर शुक्रवारी अख्खीच मिळते. नात फोनवर विचारते, "नाना, मला तुमच्याकडे कधी बोलावणार?"

दाऊदभाई कपाटाकडे बघतात आणि फोन ठेवून देतात.