रिकाम्या विमानाचं वजन

जुनं विमान घ्यायला आलेल्या माणसाला आधी कातडी खुर्च्या दाखवतात. आमचे शेठही त्या मोठ्या केबिनच्या जेटमध्ये शिरले आणि तिथंच विरघळले. मी मात्र वजन केल्याशिवाय कुठल्याही विमानाबद्दल चांगलं बोलत नाही. खरेदीआधी विमान तपासणं हेच माझं काम, आणि माझी सही झाल्याशिवाय शेठ पुढं जात नाहीत.

या वेळी मलाच सहीची घाई होती. हे जेट चालवायला माझ्या धाकट्या भावाला ठेवायचं ठरलं होतं. आधीची कंपनी बुडाल्यापासून तो घरी बसून होता. हल्ली तर आभाळात विमानाचा आवाज आला की उठून खिडकी लावून घ्यायचा. मला ते बघवत नव्हतं.

इंधनाच्या टाक्या रिकाम्या केल्या. चमच्यांपासून उशांपर्यंत सगळं सुटं सामान बाहेर काढलं. वाऱ्यानं आकडे हलू नयेत म्हणून हँगरचे दरवाजे ओढून घेतले, पंखे बंद केले आणि तिन्ही चाकांखाली वजनकाटे सरकवले. आत कोणी राहिलेलं नाही, हे मी स्वतः शेपटीपर्यंत जाऊन पाहिलं.

विमान जड भरलं. कागदावरच्यापेक्षा एका माणसाइतकं जड.

"गालिचा नवा टाकलाय ना, मॅडम," विकणाऱ्याचा दलाल म्हणाला.

गालिचा उपटला. जादा भार मागच्या बाजूला दिसत होता, म्हणून तिथला कोचही काढला आणि पुन्हा वजन घेतलं. गालिचा आणि कोच यांचं वजन तेवढं उतरलं. जादा भार होता तसाच होता, फक्त पुढच्या चाकाखालचा आकडा वाढला होता. तो भार केबिनच्या मध्यावर येऊन थांबला होता.

"काटे बिघडलेत तुमचे."

मी वाद घातला नाही. दुसरे काटे मागवले आणि तोवर आत एक फेरी मारली. कोंदलेली हवा, पॉलिशचा वास. मधल्या एका खुर्चीवर हात ठेवला, तर कातडं कोमट लागलं. हँगरमध्ये ऊन येत नव्हतं. मी हात झटकला आणि स्वतःवरच चिडले.

नवे काटे लावले. आता तो भार थेट पुढं, वैमानिकाच्या खुर्चीपाशी होता.

"ताई, माझ्याआधीच कोणीतरी कामावर रुजू झालंय वाटतं," विमान बघायला माझ्याबरोबर आलेला भाऊ म्हणाला. मला हसू आलं नाही. "थांब, मीच बसून बघतो."

मी नको म्हणेपर्यंत तो आत गेलासुद्धा.

मी आकड्यांवर नजर ठेवून उभी राहिले.

"बसलास का?"

"केव्हाचा!"

कॉकपिटच्या काचेतून त्यानं हात हलवला. चेहरा नुसता फुलला होता. किती दिवसांनी तो असा दिसत होता.

आकडा हलला नव्हता.

मी दलालाकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत होता.

"खाली ये," मी ओरडले. "आत्ताच्या आत्ता!"

तो उतरला. आकडा तेव्हाही हलला नाही.

मी शेठना फोन करून सांगितलं, "वजन जुळत नाही. हे विमान घेऊ नका." शेठ कुरकुरले, पण ऐकलं. माझा जीव भांड्यात पडला.

भाऊ मुकाट्यानं माझ्या गाडीत येऊन शेजारी बसला.

"माझी नोकरी घालवलीस तू."

"दुसरी मिळेल रे. ते विमान नको."

त्यानं तोंड फिरवलं. मला त्याचं वाईट वाटत होतं, तरी हलकंही वाटत होतं. फाटकाबाहेर पडल्यावर मी वेग घेतला आणि सहज शेजारी पाहिलं. रागाच्या भरात त्यानं पट्टा लावलाच नव्हता.

त्या सीटवर भाजीची पिशवी ठेवली तरी पट्ट्यासाठी कोकलणारी माझी गाडी.

ती गप्प होती.