दोन नावांचं पायपुसणं

पुरवणीवर दोघांचे हात एकाच वेळी पडले, आणि हात मागे घ्यायला कुणीच तयार होईना.

"मी आधी पाहिली," आयला म्हणाली.

"पाहिली असेल. धरली मी आधी."

"धरलीय कुठे? नुसता पंजा ठेवलाय. मांजर ठेवतं तसा!"

तो हसला. चांगला ऐसपैस हसला. अमेरिकेतल्या सरोवरकाठच्या डुलुथ शहरात, उतारावरच्या लेम्पीबाईंच्या लॉन्ड्रीत रविवारी सकाळी जो तो आपल्या कपड्यांकडे डोळे लावून गप्प बसलेला. तिथे असं हसणं म्हणजे चर्चमध्ये शिट्टी मारण्यापैकीच. बाहेर बर्फ भुरभुरत होता, आत ड्रायरची ऊब, साबणाचा वास... आणि बाकावर, रविवारच्या पेपराबरोबर आलेली, नाताळच्या भेटवस्तूंची गुळगुळीत, जाडजूड पुरवणी. मोसमातली पहिली! ती सोडायची म्हणजे काय?

"कुणासाठी घ्यायचंय एवढं?" त्याने विचारलं.

"कुणासाठीच नाही. काही घ्यायचं नाहीये मला."

"मग?"

"मग काय? बघायचं!"

आयलाचं हे वेड बाबांकडून आलेलं. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाचं जेवण आटोपलं की बाबा तिला मांडीवर घेऊन पुरवण्या चाळायचे. पानाला एक वस्तू निवडायची, कुणासाठी ते मोठ्याने सांगायचं, की पान उलटलं. विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता, घरची परिस्थिती बेताची. पण निवडताना दोघं असे रंगून जायचे की जेवणाची भांडी तशीच पडून राहायची. पुढे बाबा गेले. आयला शाळेच्या स्वयंपाकघरात लागली, दिवसभर पोरांना बटाटे वाढून दमायची, आणि डिसेंबर आला की पुन्हा टवटवीत व्हायची. घेतलेली वस्तू घरात येते, फुटते, हरवते, नकोशी होते. न घेतलेलीला कधी काही होत नाही. असं तिचं ठाम म्हणणं, आणि त्यात काही चुकीचं आहे असं तिला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

"तुम्ही जरा वेड्याच आहात," तो म्हणाला आणि सरकून तिला जागा करून दिली. "मी वेंडेल. रस्त्यावरचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो. शिकवा हा खेळ."

"पानाला एकच वस्तू. आणि घ्यायचं काही नाही. घेतलं की बाद!"

दुसऱ्या पानावर 'तुम्ही'चं 'तू' झालं.

"हा आपोआप ढवळणारा मग माझ्या साहेबाला," वेंडेल म्हणाला. "ऑफिसात तेवढंच काहीतरी हलेल."

"ही कानटोपी तुला. कान बघ, गाजरासारखे झालेत."

"म्हणजे माझ्या कानांकडे बघतेस तर!"

"एवढे मोठे आहेत, न बघून सांगते कुणाला?"

"काय घेतलंत रे?" गल्ल्यामागून लेम्पीबाई ओरडल्या.

"काही नाही, नुसतं बघतोय!" दोघं एका सुरात म्हणाली, आणि मग एकमेकांकडे बघून उगीचच लाजली.

मग रविवाराला रविवार जोडला गेला. एकदा आयलाकडे धुवायला काहीच नव्हतं, तर ती धुतलेल्या चादरी पुन्हा घेऊन आली. पिशवी उघडताना वेंडेलच्या पिशवीत नजर गेली... आत इस्त्रीची घडीसुद्धा न मोडलेले शर्ट! तिने चादरी भराभर मशीनमध्ये कोंबल्या. पण त्या दिवशी घरी जाताना चढ तिला चढासारखा वाटला नाही.

आणि मग एकदा, पान उलटता उलटता तो म्हणाला, "भाऊ अलास्काला बोलावतोय. मासेमारीच्या बोटीवर. जानेवारीत."

"जाणार?"

"ठरवलं नाही अजून." त्याने तिच्याकडे बघितलं. "इथे थांबण्यासारखं काही असेल, तर... बघू."

थांब ना रे! आयला मनातल्या मनात ओरडत होती. थांब, माझ्यासाठी थांब! आणि तोंडाने काय म्हणाली ही बाई? म्हणाली, "तिकडे मासे मात्र ताजे मिळतील हं."

नाताळच्या आधीचा रविवार. शेवटच्या पुरवणीचं शेवटचं पान. वेंडेलने बराच वेळ घेतला आणि मग एका चित्रावर बोट ठेवलं. काथ्याचं पायपुसणं होतं ते, साधंच. त्यावर हवी ती दोन नावं छापून मिळणार होती.

"हे. तुझ्या दारासाठी."

"माझ्या दाराला दोन नावं कशाला?"

"एक तुझं. आणि एक... माझं." आवाज खेळातलाच होता, पण बोट पानावरून हलेना. "वर कुणाचं घ्यायचं, सांग."

आयलाची नजर क्षणभर त्या बोटावर थांबली. पण खेळ तो खेळ! त्यात काय कधी कुणी खरं बोलतं?

"तुझं वर! म्हणजे आल्या-आल्या सगळा चिखल तुझ्या अंगावर!" ती खिदळली आणि पुरवणी मिटली.

तोही हसला. जरासा उशिराच हसला. तेवढ्यात तिचा ड्रायर थांबला, आणि ती टॉवेलांच्या घड्या घालायला उठली.

जानेवारीत तो गेला. निरोपाला लॉन्ड्रीतच आला. हातात हात घेतला, जरा जास्तच वेळ धरून ठेवला. ती म्हणाली, "पोचलास की कळव." त्याने कळवलं. पुढेही काही दिवस कळवत राहिला, मग ते हळूहळू कमी झालं.

एप्रिलात बर्फ वितळला, रस्तोरस्ती चिखलच चिखल झाला. एका संध्याकाळी आपल्या दाराशी बूट पुसता पुसता आयला एकदम थांबली. ते न उचललेलं बोट. ते उशिराचं हसणं... अगं बाई, तो खेळत नव्हता! ती तशीच चिखलाच्या बुटांनी पायरीवर बसून राहिली. फोन घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. काय सांगायचं आता, आणि कोणत्या तोंडाने? डिसेंबरात तो इथे आपल्या आईला भेटायला येईलच. तेव्हा समोरासमोर सांगू, असं तिने स्वतःला समजावलं.

आणि तो आला की! थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी दार ढकलून आत आला, तेच गाजरी कान, दाढी मात्र वाढवलेली. आईला कायमची आपल्याकडे न्यायला आला होता. आयलाने उन्हाळाभर घोळवलेलं वाक्य ओठांवर आणलं.

"आयला, यंदा तुझा नियम मोडायचाय," तोच आधी बोलला. "खरंखुरं घ्यायचंय काहीतरी. डीनासाठी. मला यातलं ओ की ठो कळत नाही. तू निवड."

"डीना?"

"बंदरावर जाळी दुरुस्त करते. मे महिन्यात लग्न आहे आमचं."

आयलाने पुरवणी उघडली. हातांना काहीतरी काम हवंच होतं. पानं उलटत गेली, आणि एका पानावर ते यंदाही होतं.

"हे घे ना," ती म्हणाली. "दोन नावांचं."

"ते नाही."

"का?"

"ते मी एकदा निवडलंय," वेंडेल म्हणाला.

"तो... खेळ होता ना रे?"

"तुझा होता."

ड्रायर गरगरत होते. कुणाचं तरी बटण आत टकटक वाजत होतं.

"मला कळलंच नाही, वेंडेल. कळलं तेव्हा तू गेलेला होतास. माझं प्रेम आहे तुझ्यावर. होतं नव्हे, आहे. तू काही करू नकोस, पण मी एकदा म्हणायला हवं होतं, म्हणून म्हणतेय."

 त्याने टोपी काढली आणि टोपीनेच डोळे पुसले.

"गेल्या वर्षी नुसतं 'थांब' म्हणाली असतीस ना," तो म्हणाला, "तरी ट्रक सोडला नसता मी."

"माहीत आहे."

"आता ती वाट बघतेय, आयला."

"माहीत आहे रे." तिने पान उलटलं, नाक ओढलं, आणि पुन्हा चित्रं बघू लागली. नीट बघू लागली, कारण डीनाचा त्यात काय दोष? "हे हातमोजे घे. आत मेंढीची लोकर आहे, आणि बोटांची टोकं उघडी. थंडीत जाळ्याची सुई धरता येईल तिला."

त्याने ते पान फाडलं आणि घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. जाताना तिच्या डोक्यावर क्षणभर हात टेकवला. काचेतून ती त्याला उताराने सरोवराच्या दिशेने जाताना बघत राहिली. बर्फात तो दिसेनासा झाला, तरी बघत राहिली.

"काय घेतलंस गं?" गल्ल्यामागून लेम्पीबाईंनी नेहमीसारखं विचारलं.

आयलाने नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं. ते येईना.

"एक घ्यायचं होतं, लेम्पीबाई," ती म्हणाली. "खरंच घ्यायचं होतं हो."

लेम्पीबाई गल्ला सोडून आल्या आणि तिच्याजवळ बाकावर बसल्या. ड्रायरचा आवाज मोठा होता, त्यामुळे बाकीच्यांना तिचं रडणं ऐकू गेलं नाही.