भरतीला बोलणारी भिंत

पूर्वी लोक पंचांग पाहिल्याशिवाय शुभकार्याला हात घालत नसत. आता प्रतिसभेला विचारल्याशिवाय कुणी कचेरीची पायरी चढत नाही. ज्यांच्यासमोर उभं राहायचं, त्यांचे आजवरचे निर्णय आणि भाषणं पचवून हे यंत्र त्यांच्या हुबेहूब छाया पडद्यावर बसवतं. छाया आक्षेप घेतात, नाकं मुरडतात आणि शेवटी होकाराची टक्केवारी सांगतात.

हेमांगी कोयंडेच्या भिंतीला किनारा मंडळाच्या छायांनी एकतीस टक्के दिले होते.

खाडी तिच्या वाडीतल्या माडांची तिसरी रांग गिळायला आली होती. हेमांगीला तिथं कालवांची जिवंत भिंत उभी करायची होती. कालवांची पिल्लं डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक असतात, पण जिवांनी भरलेल्या खडकाचा कडकडाट ऐकला की तिथंच चिकटतात आणि शिंपला बांधू लागतात. तो कडकडाट पाण्याखालच्या भोंग्यातून वाजवला की भिंत आपली आपण वाढेल, असा तिचा हिशेब होता. मंडळ वर्षातून एकदाच बसतं, आणि माड पुढच्या वर्षापर्यंत थांबणारे नव्हते.

छाया म्हणाल्या, आवाजाचं काढा. तिनं काढलं, बावन्न झाले. थोडं काँक्रीट घाला म्हणाल्या. घातलं, एकोणऐंशी. कालवं फक्त दर्शनी भागावर ठेवा. चौऱ्याण्णव झाले, तेव्हा हेमांगीनं आराखडा नीट पाहिला आणि तिला रडूच आलं. करायला गेली गणपती आणि झाला मारुती.

ती द्रौपदीआतेकडे गेली. वडिलांच्या या बहिणीचा जन्म खडकावरची कालवं काढण्यात गेला होता. आते पाठीवरून हात फिरवेल, अशी हेमांगीची अपेक्षा. आते चाचणीसाठी बांधलेल्या छोट्या भिंतीपाशी गुडघाभर पाण्यात उभी राहिली, सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "गो, तुझो भोंगो सुकतीक पण वाजता. सुकतीक कालवां तोंड मिटून गप ऱ्हवतत. तेंका कळतला ना, ह्यां खोटां आसा म्हणान."

सुकती म्हणजे ओहोटी. हेमांगीचे कान तापले. दीड वर्ष तिनं आवाज घासूनपुसून लख्ख केला होता, पण खडकाची गप्प बसायची वेळ तिच्या ध्यानातच आली नव्हती. चाचणीची भिंत बोडकी राहिली होती ती त्यामुळेच. छाया मंडळाला काय आवडेल ते सांगत होत्या; आते कालवांना काय आवडेल ते सांगत होती. हेमांगीनं आराखड्यातून काँक्रीट काढलं, आवाज पुन्हा घातला आणि चाचणीच्या भिंतीजवळचा भोंगाही फक्त भरतीला वाजेल असं केलं. प्रतिसभेनं सतरा टक्के दिले. तिनं पडदा मिटला.

पंधरा दिवसांनी, भर भरतीच्या वेळी, ती मंडळासमोर उभी राहिली. अध्यक्ष निमकरबाईंच्या हातात प्रश्नांचा कागद होता. तोही प्रतिसभेनंच काढून दिलेला. हेमांगीनं खाडीतला भोंगा बंद केल्याचं दाखवलं आणि चाचणीच्या भिंतीपाशी पाण्याखाली ठेवलेल्या जलश्रवणीनं टिपलेला आवाज दालनात सोडला.

आधी नुसतं पाणी ऐकू आलं. मग एक कडकड, मग दहा, मग तव्यावर मोहरी तडतडावी तसं दालन भरून गेलं. भिंतीवर शिंपल्यांचे कोवळे ठिपके धरले होते, त्यांच्या फटींत नांग्या कडकडवणाऱ्या इवल्या कोळंब्या राहायला आल्या होत्या, आणि भिंत आता स्वतःच इतरांना बोलावत होती. हेमांगीनंही ते पहिल्यांदाच ऐकलं. बोलायचं ठरवलेलं सगळं ती विसरली.

निमकरबाईंनी हातातला कागद उलटा ठेवला.

"ही वाढायची थांबेल कुठे?"

हे छायांनी विचारलं नव्हतं, आतेनंही नाही.

"मला माहीत नाही," हेमांगी म्हणाली.

बाई तो कडकडाट अजून ऐकत होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "मग ते शोधायला तुम्हाला किती भरत्या लागतील?"