फौजीची सुट्टी

"सुट्टीवर येताना वर्दी कोनी घालत नाई."

सिनेमातल्या फौजीची सुट्टीवर येतानाची वर्दी, असं कौतुकानं सांगणाऱ्या नीतूच्या हातातली सुई थांबली. सौंदड स्टेशनाच्या रस्त्यावरच्या तिच्या शिलाईच्या दुकानात तुटक्या चेनची बॅग घेऊन आलेला हा उंच माणूस – ओळख ना पाळख, आणि तिच्या तीन दिवसांच्या मेहनतीवर एका वाक्यात पाणी फिरवून मोकळा!

"तुमाले कोनी विचारलं?"

"नाई विचारलं..." तो हसला. "पण फौजी घरी साध्या पँट-शर्टातच येते. वर्दी पेटीत राहते."

"तुमाले लय माहीत!"

"मी फौजीच आहो. इंद्रकुमार. दोन महिन्यांच्या सुट्टीवर आलो, थोडेच दिस राह्यले."

नीतूनं मान खाली घातली खरी, पण लाल झालेले कान कुठं लपवणार?

झालं होतं असं, की लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या भुपेंद्रनं यंदा सिनेमा काढायचं मनावर घेतलं होतं. फौजेतली नोकरी माणसाचं काय काय घेऊन जाते, त्यावरचा. नायक म्हणून झाडीपट्टीच्या नाटकांत कामं करणारा हेमेंद्र, आणि सगळे कपडे नीतूकडे. नायक वर्दीत, छातीवर पदकं लावून घरी येतो, असं भुपेंद्रनं लिहिलं होतं. इंद्रकुमार आला त्याच दिवशी नीतूनं भुपेंद्रला गाठून झाडलं आणि त्यानं संध्याकाळी इंद्रकुमारला गाठलं. "भाऊ, आता तुम्हीच शिकवा!"

शिकवता शिकवता इंद्रकुमारच्या दुकानातल्या खेपा वाढल्या. चार दिवसांत त्याच्या शर्टाची तीन बटणं तुटली. फौजेतले सगळेच इतके कच्चे असते, तर देशाचं काही खरं नव्हतं.

"हे तुटलं नाई," चौथ्या खेपेला बटण उजेडात धरून नीतू म्हणाली. "कापलं आहे. ब्लेडनं."

"ब्लेडनं नाई..." तो खाली बघत म्हणाला, "कैचीनं."

"मंग पुढल्या खेपेले शर्टच फाडून आना. जास्त वेळ बसता येईन."

आणि त्यानं वर पाहिलं. दोघांची नजर अशी काही अडकली, की बाहेर थांबलेल्या गिऱ्हाइकाला दोनदा खोकावं लागलं.

घरी परतण्याचा प्रसंग गावातल्या केशोरावांनी शूटिंगला दिलेल्या अंगणात चित्रित व्हायचा होता. डिसेंबरची कोवळी थंडी, शेजारच्या खळ्यावर धानाची मळणी, हवेत तिचा बारीक भुसा. हेमेंद्र साध्या शर्टात आत आला आणि "आईऽऽ!" अशी आरोळी ठोकली, की छपरावरची कबुतरं उडाली. बिचाऱ्याला सवय हजार माणसांच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्याची!

"कट!" भुपेंद्र हताशपणे वळला. "इंद्रकुमारभाऊ, तुम्ही करून दाखवा ना."

इंद्रकुमार बॅग घेऊन फाटकातून आला. दारापाशी थांबला, चपला काढून नीट बाजूला ठेवल्या. घरात पाऊल टाकलं नाही. माठाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "आई... पानी घेऊ का?"

स्वतःच्या घरातलं पाणी विचारून घेणाऱ्या त्या माणसावरून नीतूची नजर हटेना. हा नाटक करत नाहीये, हे तिला एकटीला कळलं.

चहाच्या वेळी ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. "खरंच तसं विचारता, घरी?"

त्यानं कप खाली ठेवला. "नऊ वर्सं झाले. दरवर्षी येतो, दरवर्षी पाहुना. धानाचा भारा उचलला का भाऊ हातातून घेते – तू आराम कर. रोज गोडधोड. घरात भांडन चालू असन अन् मी आलो, का सारे चूप! नऊ वर्सांत मले घरात कोनी एक शिवी नाई देली, नीतू."

"अन् लग्न?"

"तीन पोरी दाखवल्या. तिन्हीले नाई म्हटलं. बायको बी पाहुनचारच करन... दहा महिने वाट पाहीन, दोन महिने ताट वाढीन. कायले कोनाचा जीव टांगनीले लावाचा?"

"चौथी पाह्यली तर?"

तो उठून उभा राहिला. "चौथीले नाई म्हनाची हिंमत होनार नाई. म्हनून विचारूनच नाई राहिलो."

त्यानंतर तो दुकानाकडे फिरकला नाही. नीतू रोज शटर उशिरा पाडायची. आणि गुरुवारी हेमेंद्रनं जाता-जाता सांगितलं, की सुट्टी संपली, फौजी आजच्या गाडीनं चालला!

तिनं मशीन तशीच सोडली आणि ती स्टेशनाकडे धावली. फलाटावर त्याचं सगळं घर जमलं होतं. भावाच्या हातात बॅग, आई नंदाबाईंच्या हातात लाडवांचा डबा. सगळे हळू, गोड आवाजात बोलत होते. मधोमध इंद्रकुमार, लग्नघरातल्या व्याह्यासारखा अवघडून उभा.

"न सांगता निंगून राहिले?" नीतूचा आवाज साऱ्या फलाटाला ऐकू गेला.

"सांगून काय..."

"काय म्हंजे? चौथी म्हनून मले पाह्यलं, चौथीले विचाराचं नाई हे बी तुमीच ठरवलं! मी का तुमच्या पलटनीतली शिपाई आहो, हुकूम ऐकाले? वाट पाहाची का नाई पाहाची, ते माजं मी ठरवीन! अन् ताट-बीट मी वाढनार नाई. घरी असाल तेवढे दिवस भारे उचलाचे, पानी आपल्या हातानं घ्याचं!"

भाऊ आ वासून बघत राहिला. नंदाबाई डबा सांभाळत मधे आल्या. पोरगी कोण, कुठली, आणि आपल्या लेकाला फलाटावर अशी सोलून काढते!

"अवं पोरी," त्या काकुळतीला आल्या, "तो जाऊन राहिला ना... जातानी असं भांडू नोको त्याच्यासंग!"

इंद्रकुमार नीतूकडेच बघत होता. डोळे भरले होते आणि तो हसत होता.

"भांडू दे, आई," तो म्हणाला. "नऊ वर्सांत आज घरी आल्यासारखं वाटून राहिलं."