कुबाग्वाचं पाणी

ही गोष्ट खरी आहे. ऐकीव नाही. माझ्या मावसबहिणीच्या, एनेइदाच्या बाबतीत घडलेली आहे, आणि ती अजून आमच्याच गल्लीत राहते.

भुतांना रात्रच लागते असं ज्यांना वाटतं त्यांना आधीच सांगून ठेवते, यात रात्र नाही. भर दुपार आहे. एप्रिल महिना, वारा पडलेला, आणि जागा कुबाग्वा.

आमच्या मार्गारिता बेटासमोर हे कुबाग्वा. उघडंबोडकं बेट. विहीर नाही, ओढा नाही, गोड्या पाण्याचा थेंब नाही. पाचशे वर्षांपूर्वी स्पॅनिश लोकांनी तिथे मोत्यांसाठी शहर वसवलं होतं. आता गुडघाभर भिंती उरल्यात. आमचे कोळी तिथे चार दिवस झोपडी टाकून राहतात, पण पिण्याचं पाणी पिंपातून घरूनच न्यावं लागतं.

त्या वर्षी पलीकडच्या किनाऱ्यावरच्या कुमाना शहरातून डॉक्टर इरामा आल्या. औषधाच्या नव्हे, उत्खननाच्या डॉक्टर. त्यांची माणसं भिंतींजवळ खणत होती, आणि समुद्राच्या तळाशी काय पडलंय ते बघायला त्यांना बुडी मारणारा हवा होता.

आमच्याकडे बुडी म्हटलं की एकच नाव. एनेइदाचा नवरा, इलारियो. नळी नको, टाकी नको. छातीत हवा भरली की गेला खाली.

होडीत एनेइदा बसायची.

बुडी मारणारा वर येतो तेव्हा खाऱ्या पाण्याने त्याचे डोळे झोंबत असतात, छाती फुटायला आलेली असते. तो फक्त एक हात होडीच्या काठावर टाकतो. त्या हातात आधी पाण्याची वाटी द्यायची, सुक्या भोपळ्याची. तो पिईपर्यंत त्याने बोलायचं नाही आणि आपणही बोलायचं नाही. ही आमची जुनी रीत आहे.

इलारियोची त्यात आणखी एक खोड. तळाशी एक घोट ठेवायचा आणि तो समुद्रातल्या म्हातारीच्या नावाने पाण्यात ओतायचा.

"घे म्हातारे, तुझा वाटा."

"अरे, प्यायला पाणी नाही इथे आणि तू समुद्राला पाजतोस?" एनेइदा करवादायची.

"जळतेस होय म्हातारीवर?"

लग्न झाल्यापासून हा घोट त्याने एकदाही चुकवला नव्हता.

पहिल्या दिवशी त्याने तळातून एक दगड आणला. नारळाएवढा, मधोमध दोर बसेल अशी खाच कोरलेली. डॉक्टर बाई आनंदाने वेड्याच व्हायच्या बाकी होत्या.

"हे इथल्या गुलामांचे दगड," त्या म्हणाल्या. "कमरेला बांधून त्यांना खाली सोडायचे. शिंपले काढायला."

"आणि वर कसे यायचे ते?" एनेइदाने विचारलं.

"खालून दोर हलवायचे, मग वरचे ओढून घ्यायचे. हलवायची शुद्ध असली तर."

"आणि नसली तर?"

"तर दगड आहे तिथेच आहे ना, बाई." डॉक्टरांनी खाचेतली वाळू बोटाने काढली. "पाणीसुद्धा धड मिळायचं नाही त्यांना. कुमानाहून पाण्याची गलबतं यायची. मालक प्यायचे, घोडे प्यायचे. उरलं तर यांना. आणि संध्याकाळ झाली की कोंडून बाहेरून कडी."

एनेइदाला तो दगड होडीत नकोसा झाला. पण बोलणार काय? इलारियो तर आणखी दगड शोधायला निघालासुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने लागोपाठ तीन दगड वर आणले. चौथ्यासाठी तो खाली गेला. एनेइदा पाठमोरी बसून दगड ओल्या पोत्यात गुंडाळत होती.

मग तिच्या लक्षात आलं...

पक्षी नव्हते. भिंतींवर सकाळपासून पाणकोळी बसलेले असायचे. एकही नव्हता. पाणी हलत नव्हतं. किनाऱ्यावर खणणाऱ्यांची कुदळसुद्धा ऐकू येईना.

फक्त होडीच्या खालून...

टक. टक.

आणि काठावर हात आला.

तिने सवयीने वाटी भरली आणि मागे न बघता हातात दिली. गटागटा पिण्याचा आवाज आला. वाटी परत आली. तिने ती पालथी घातली आणि गाठ मारत बसली.

"पाणी देतेस का मरू मी?"

आवाज समोरून आला होता. होडीच्या दुसऱ्या बाजूने.

ताटकळून रीत मोडलेला इलारियो तिथे डोळे चोळत होता.

"आत्ता दिलं ना तुला!"

"मला? मी आत्ता वर येतोय." तो हसायला लागला. "दुसरा नवरा ठेवलायस की काय गं? सांग तरी, दिसायला बरा आहे का?"

तिने मागे वळून पाहिलं. काठ ओला होता. चार बोटांचे ठसे होते, आणि ते उन्हात वाळत होते. तिने वाटी उचलून पाहिली. तळाशी ओलसुद्धा नव्हती.

"बाये माऊली..." एवढंच ती म्हणाली.

त्या दिवसापासून पिंपातलं पाणी भराभर उतरायला लागलं. झाकण घट्ट असायचं. पिंप गळत नव्हतं. इलारियो खणणाऱ्या पोरांना शिव्या द्यायचा, ती पोरं डॉक्टरांकडे बोट दाखवायची. एनेइदा कोणालाच काही बोलली नाही.  घरून आणलेल्या मुशी माशाच्या करंज्या डब्यातच वास मारायला लागल्या.

"घरी जाऊ या," ती रोज म्हणायची. "इलारियो, तुझे पाय धरते. मला तू हवास, ते दगड नकोत."

"एक राहिलाय. मोठा आहे, दोराची खूण आहे त्याच्यावर. तो काढला की निघालोच."

"आणि तुला काही झालं तर?"

"मला काय होतंय? तू वाटी धरून बस म्हणजे झालं."

निघायच्या दिवशी तो शेवटच्या दगडासाठी दोर घेऊन उतरला. दुपारच होती. पिंप तळाला गेलेलं होतं. एनेइदाने ते तिरकं केलं, खरवडून पाणी काढलं. एक वाटी भरली. एकच.

खालून त्याने दोराला दोन हिसके दिले. तिने दगड वर ओढून घेतला. दगड काळा होता आणि इतका गार की तळव्याला झोंबला. तिने तो घाईने खाली ठेवला आणि वाटी हातात घेतली.

पाणी हलेनासं झालं.

टक. टक.

उजव्या काठावर हात आला.

ती वाटी घेऊन वाकली. आणि मागे आवाज झाला...

डाव्या काठावरही एक हात होता.

दोन्ही हात पाण्याने पांढरे पडलेले, सुरकुतलेले. दोन्हींची बोटं लाकडावर घट्ट. अंगठीवरून ओळखावं तर ती बुडी मारताना तो काढून ठेवायचा. चेहरे काठाखाली होते. वाकून बघायची तिची छाती झाली नाही. आणि विचारायचं तर पाण्याआधी बोलायचं नाही...

दोन्ही बाजूंनी धापा ऐकू येत होत्या. तिला रडू फुटलं. हातातली वाटी हिंदकळली आणि थोडं पाणी सांडलं.

उजवा आधी आला होता. तिने उजव्याला वाटी दिली.

पिण्याचा आवाज झाला. मागे डाव्या काठावरचं एक बोट सुटलं. मग दुसरं. तिने वळून पाहिलं तेव्हा काठ रिकामा होता.

"एनेइदा."

उजवीकडून इलारियो होडीत चढत होता. तोच चेहरा, हनुवटीवरचा तोच व्रण. तिने त्याला कवटाळलं, हमसून हमसून रडली. मग सगळे दगड उचलून तिने समुद्रात फेकले. डॉक्टर किनाऱ्यावरून ओरडत राहिल्या. इलारियोने तिला अडवलं नाही. तो नुसता बघत होता.

वाटी होडीच्या तळाशी पडली होती. ती ओली होती का कोरडी, हे त्या वेळी एनेइदाने बघितलं नाही.

तेव्हापासून इलारियो घरीच आहे. लोकांना विचाराल तर म्हणतील, सोन्यासारखा नवरा. आवाज चढवत नाही, दारू सोडली. फक्त दाराला कडी लावलेली त्याला चालत नाही, म्हणून उंबऱ्यावरच झोपतो. कोणी चेष्टा केली तर हसतो, पण बाकीचे हसून झाल्यावर. आणि पाणी खूप पितो. वाटी परत येते ती ठणठणीत कोरडी. समुद्राची म्हातारी त्याला कधी आठवली नाही.

एनेइदा एकदाच माझ्याजवळ बोलली. "उजवा आधी आला गं. पण मी मूर्ख! ज्याला जास्त तहान, तोच आधी येणार ना?"

मी म्हटलं, "वेडी आहेस. उन्हाने डोकं फिरलं होतं तुझं."

ती उठून गेली. पण दर एप्रिलला ती एकटीच होडी घेऊन कुबाग्वाला जाते, हे मला माहीत आहे. वारा पडला की वाटी भरते आणि डाव्या काठाबाहेर धरून बसते. वर्षानुवर्षं वाटी तशीच भरलेली परत यायची.

गेल्या आठवड्यात ती तिथून आली ती थेट माझ्या स्वयंपाकघरात.  पदराखालून काढावी तशी तिने शर्टाखालून वाटी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"डोळे मिटून धरली होती," ती म्हणाली. "कोणीतरी घेतली. प्यायलं. परत दिली."

मी आत पाहिलं.

तळाशी एक घोट ठेवलेला होता.

तो तिने अजून ओतलेला नाही. वाटी माझ्याच फळीवर झाकून ठेवलीय, घरी न्यायला ती घाबरते. मी तरी काय करू? मी हे लिहितेय आणि गल्लीपलीकडे उंबऱ्यावर इलारियो बसलाय. माझ्या खिडकीकडे बघतोय.

आत्ताच त्याने हाक मारली. पाणी मागतोय.