पेशी उत्तरेकडे सरकतात

प्रयोगशाळेत तिला सगळे पुरावेबाई म्हणत. चहात साखर आहे, हेसुद्धा ती घोट घेतल्याशिवाय मान्य करत नसे. आज दुपारी तीनला बाहेरचे परीक्षक येणार होते आणि पाच वर्षांची पीएचडी एका काचपट्टीवर अडकली होती.

प्रयोग तसा साधा. अंगात काही परकं शिरलं, की रोगाशी लढणाऱ्या पेशी त्याचा तुकडा घेऊन जवळच्या लसिका ग्रंथीकडे निघतात. तिकडून एक रसायन पाझरत असतं, त्याच्या मागावर त्या बरोबर पोचतात. काचपट्टीच्या उजव्या टोकाला तिनं तेच रसायन ठेवलं होतं. पेशींनी उजवीकडे सरकायचं, एवढंच त्यांचं काम.

पण चार दिवस झाले, पेशी उत्तरेकडे सरकत होत्या. तिनं पट्टी फिरवली, पेशी वळल्या आणि पुन्हा उत्तरेलाच निघाल्या. तिनं रसायन बदललं, खिडकी लावली, सूक्ष्मदर्शक दुसऱ्या टेबलावर नेला. पेशींनी तिला भीक घातली नाही.

उत्तरेला होती फक्त सामानाची खोली.

सकाळपासून तिसऱ्यांदा कारकून तिकडे निघाला, तेव्हा तिनं विचारलं, "काय हवंय?"

"स्टेपलर."

"तो तुमच्या हातात आहे."

त्यानं हाताकडे पाहिलं. "अरे हो," म्हणाला आणि आत गेला. या खेपेला तो बाहेर आला नाही.

मग तिचे मार्गदर्शक सर उठले. "परीक्षक यायचेत, सर," ती म्हणाली. "आलोच," म्हणत तेही आत गेले.

दीडला आई आली, घरी विसरलेला डबा घेऊन. या इमारतीत आईनं कधी पाऊल ठेवलं नव्हतं. तरी ती कुणाला न विचारता सरळ सामानाच्या खोलीकडे चालू लागली.

"आई, अगं, मी इथे आहे."

"दिसतंय की," आई न थांबता म्हणाली. "ये तू मागनं."

तिला हसू आलं. तरी तिनं वहीत वेळ लिहिली, एक बत्तीस.

तीन वाजले. खाली गाडी थांबल्याचा आवाज आला, जिन्यात पावलं वाजली, पण परीक्षक काही आले नाहीत. पाच वर्षं पाण्यात गेली, या विचारानं तिला रडू कोसळलं. डोळे पुसून तिनं सूक्ष्मदर्शकाच्या पडद्याकडे पाहिलं.

पेशी उत्तरेच्या काठाला खेटून गोळा झाल्या होत्या. मध्ये एकच मागे राहिली होती.

बघता बघता तीही निघाली.

सामानाच्या खोलीच्या कडीला हात लागला, तेव्हा आपण इथे कशाला आलो, ते तिला आठवेना.

आत सगळे पाठमोरे उभे होते, खांद्याला खांदा लावून, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून. आई, सर, स्टेपलर धरलेला कारकून.

मध्ये एका माणसापुरती जागा होती.

बॅग घेतलेले एक अनोळखी गृहस्थ मान न वळवता म्हणाले, "प्रयोग पटला. पदवी मिळाली समजा. आता दार लावून घ्या."

तिनं पुरावा मागितला नाही. आतून कडी घातली.